तीस प्रतींचा वड

माझ्या लग्नातलं ऑर्गंडीचं पातळ आमच्या ह्यांनी लाकडी चौकटीवर ताणून, चारी बाजूंनी खिळे मारून बसवलं, तेव्हा मी माहेरी गेले होते. परत आले तर ओसरीत तीन चौकटी उभ्या आणि तिन्हींवर माझं पातळ. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "कलेसाठी लागतं." मी म्हटलं, कलेला तुमचं धोतर का नाही चाललं? तर म्हणाले, धोतराची वीण जाड असते, रंग खाली उतरत नाही. म्हणजे धोतराचा विचार करून झाला होता.

हे शहाद्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता, आमचा जिल्हा तेव्हा धुळे होता, आणि हे कसल्याशा परीक्षेसाठी मुंबईला जाऊन तिथून एक नवीन खूळ घेऊन आले होते. एका छापखान्यात त्यांनी कापडाच्या जाळीतून चित्र छापताना पाहिलं. चौकटीवर झिरझिरीत कापड ताणायचं, जिथे रंग नको तिथली भोकं चपडी लाखेचा हात देऊन बुजवायची, वरून रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने ओढायचा. उघड्या भोकांतून रंग खालच्या कागदावर उतरतो. एका रंगाला एक चौकट. यांना तीन रंग हवे होते म्हणून पातळाचे तीन तुकडे झाले. चौथा सुचला नाही हे माझं नशीब, नाहीतर शालूचा नंबर लागला असता.

निमित्त होतं वनमहोत्सवाचं. दर पावसाळ्यात कचेरीतले साहेब लोक कोट घालून शाळेच्या आवारात येत, एक रोप लावत आणि चहा पिऊन जात. गेल्या वर्षीचं रोप बकऱ्यांनी खाल्लेलं असे, त्यामुळे खड्डा आयताच मिळे. त्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं की शाळेने झाडांवर काहीतरी चित्र करावं. दुसरे मास्तर असते तर पुठ्ठ्यावर "झाडे लावा" लिहून मोकळे झाले असते. यांनी प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नाक्यावरचा वड काढला.

तो वड यांचा सख्खा होता म्हणायला हरकत नाही. माझे सासरे फार लवकर गेले. सासूबाई त्या वडाखाली टोपली घेऊन बसल्या, फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे विकले आणि त्यावर पोराला मास्तर केलं. पोरगा मास्तर झाला, पगार घरी यायला लागला, तरी सासूबाईंनी जागा सोडली नाही. हे म्हणायचे, आता बरं दिसत नाही. त्या म्हणायच्या, "कोनले बरं दिसस नही? त्याले म्हनो, तोंड तिकडे कर." बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या पावरा आदिवासी बाया डोक्यावरची गाठोडी त्या वडाखालीच टेकवत, चारोळी नाहीतर डिंक देऊन मापटंभर फुटाणे घेत. त्यांची पोरं पारंब्यांना लोंबकळत. भाषा सासूबाईंना निम्मी कळे, पण हसायला भाषा लागत नसावी, कारण आवाज शाळेपर्यंत यायचा.

चित्र चांगलं झालं, हे मी पातळ गमावूनही कबूल करते. पसरलेला काळाभोर वड, मागे पिवळं ऊन, आणि बुंध्याशी अगदी लहान, लाल लुगड्यातली टोपलीवाली. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "झाड बरं शे. पन मन्हं तोंड कोठे शे?" हे म्हणाले, आई, एवढ्या लहान आकारात तोंड येत नाही. "मंग लुगडं कसं उनं?" यावर ड्रॉइंगच्या पुस्तकात उत्तर नसावं.

प्रती निघाल्या तीस. पुढे लोक मोठ्या आदराने विचारत, मास्तर, तीसच का? हे डोळे अर्धे मिटून सांगत की कलावंताने कुठेतरी थांबलं पाहिजे. खरं असं की तीस झाल्यावर माझं पातळ फाटलं.

मुंबईच्या रीतीप्रमाणे यांनी प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने आकडा टाकला. पहिल्यावर एक, खाली रेघ, खाली तीस. दुसऱ्यावर दोन, खाली तीस. सगळ्यात पहिली प्रत, मानाची म्हणून, लाकडाच्या वखारीच्या शेठजींना दिली. शेठजी शाळेच्या कमिटीवर होते, गावातलं कुठलंही चांगलं काम त्यांच्याशिवाय होत नसे, आणि वाईटही फारसं होत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चित्र काखेत मारून आमच्या दारात. चेहरा उतरलेला.

"मास्तर, मी शाळाले इतलं करं, आनी माले तीसमा एकच मार्क?"

ड्रॉइंग मास्तरने पेन्सिलीने एकावर तीस लिहिलं, तर आमच्या गावात त्याचा दुसरा अर्थ कोणी लावणार नव्हतं. हे समजावून थकले. तोवर तापीकाठच्या एका पाटलांना तिसावी प्रत गेली होती, आणि तीसपैकी तीस मिळाले म्हणून त्यांनी पेढे वाटले होते. केळीच्या बागेत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते चित्राखालचा आकडा दाखवत. ज्यांना पाच-सहा मिळाले ते गप्प होते. वकीलसाहेबांना अकरावी प्रत गेली होती. ते मला रस्त्यात म्हणाले, "वहिनी, काठावर पास केलंत आम्हाला."

महिनाभराने धुळ्याहून ड्रॉइंगचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी सांगितलं की पहिली प्रत सगळ्यात स्वच्छ, तिचा मान सगळ्यात मोठा, आणि शेवटच्या प्रतीत रंग पसरलेला असतो. झालं! शेठजींनी चित्र कपाटामागून काढलं आणि दिवाणखान्यात लावलं. पाटलांनी पेढे परत मागितले नाहीत इतकंच. आणि गावाला छंद लागला.

तो छंद तीनेक वर्षं टिकला. हे दर पावसाळ्याला एक चित्र काढत. जीपमधून मोलगीला जाऊन मोहाचं झाड काढून आले, एकदा तापीच्या काठची शिंदीची झाडं काढली. कापड मी बाजारातून आणून देत असे, माझ्या पेटीला कुलूप लावून. आता लोक सावध झाले होते. चित्र घेताना आधी आकडा बघायचे, मग झाड. शेठजींची अट असे की छापून झालं की चौकटीवरचं कापड त्यांच्यासमोर फाडायचं, म्हणजे एकतिसावी प्रत निघायला नको. खुर्ची मांडून बसत आणि कापड फाटल्याचा आवाज ऐकून समाधानाने उठत. माल कमी असला की किंमत राहते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

चित्रांना लावायच्या चौकटी शेठजींच्याच वखारीतल्या. अस्सल सागवान, धडगावच्या डोंगरातून आलेलं, चार बोटं जाड. एकेका चौकटीत इतकं लाकूड होतं की आत चित्र शोधावं लागे. "जंगल वाचवा" असं ज्या चित्राखाली छापलं होतं त्याला सगळ्यात जाड चौकट मिळाली, कारण ते शेठजींना फार आवडलं होतं.

पुढे त्यांच्या दिवाणखान्यात चित्रांवर उजेड पडेना. अंगणातला लिंब आड येत होता. शेठजींनी लिंब तोडला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवलं, "दखा मास्तर, आते कशा झाडं झकास दिसतस!" हे मान हलवत राहिले. घरी येताना मी म्हटलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? तर म्हणाले, उजेड खरंच चांगला पडलाय. कलावंताशी संसार करणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

वकिलीणबाईंची तर कमाल. वटपौर्णिमेला उन्हातून नाक्यापर्यंत कोण जाणार, म्हणून त्यांनी घरातल्या चित्राचीच पूजा मांडली. चित्र भिंतीवर असलं तर फेरे कसे मारणार? म्हणून ते स्टुलावर उभं केलं आणि स्टुलाभोवती फिरून चौकटीला सूत गुंडाळलं. पुढच्या वर्षी आणखी चौघी-पाचजणी त्यांच्याकडे आल्या. त्या दिवशी नाक्यावरून सासूबाई लवकर घरी आल्या. टोपली जवळजवळ भरलेली. "आवंदा सावित्र्या कोठे गयात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "हाई चांगलं नही व्हयनं." मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्याच थंडीत बातमी आली की प्रकाशाचा रस्ता रुंद होणार. ट्रक वाढले होते, उसाच्या गाड्या वाढल्या होत्या, यात्रेला गर्दी व्हायची. रस्ता हवाच होता, मी नाही म्हणत नाही. पण वडाला वळसा घालून तो जाऊ शकत होता, पलीकडे पडीक जागा होती. ते मोजणी करणाऱ्यांनीही सांगितलं होतं. गावाने एक अर्ज करायचा, चार वजनदार माणसांनी धुळ्याला जाऊन तो द्यायचा, की काम झालं असतं.

यांना केवढा विश्वास! गावात तीस घरं अशी, जिथे तो वड भिंतीवर आहे. त्यातले निम्मे कमिटीवर. हे म्हणाले, अशा झाडाला कोण हात लावू देईल? वड तोडला तर मग आईने कुठे बसायचं, हे यांनी मोठ्याने म्हटलं नाही, पण तीन रात्री नीट जेवले नाहीत. नाक्यावर दुसरी सावली नव्हती. आणि सासूबाई घरी बसणाऱ्यातल्या नव्हत्या. घरी बसवलं असतं तर त्या महिन्याभरात खचल्या असत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बैठक शेठजींच्याच दिवाणखान्यात झाली, चित्रांखाली. पांढऱ्या गाद्या, तक्के, केशरी दूध. मीही गेले होते, बायकांच्या बाजूला. सासूबाई आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर पायरीवर बसल्या. हे उभे राहिले आणि थोडक्यात म्हणाले की अर्जावर सह्या हव्यात.

वकीलसाहेब घसा साफ करून बोलले. पुस्तकी मराठीत. वृक्ष नश्वर असतो, कला अमर असते. मास्तरांनी या वृक्षाला आधीच चिरंजीव केलेलं आहे. मग नश्वर वृक्षासाठी सरकारशी वाकडं कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली. पाटील म्हणाले, मूळ झाड गेलं तर चित्राला उलट जास्तच मान येईल. यावर तर मंडळी ताजीतवानी झाली, आणि मी पाहिलं, दोघा-तिघांनी मान वर करून भिंतीवरच्या पहिल्या प्रतीकडे नव्या नजरेने बघितलं.

शेवटी शेठजींनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, काळजी कसाले करतस? झाड मन्हा घरमा शे. तठे त्याले कोनी हात लावाव नही."

एकही सही झाली नाही. केशरी दूध मात्र संपलं. परत येताना मी रस्ताभर बोलत होते. मला इतका राग आला होता की घरी येऊन मी ओसरीतल्या रिकाम्या चौकटी उचलून चुलीपाशी नेऊन ठेवल्या. झोपायच्या आधी सासूबाईंनी यांना विचारलं, "शेठ काय म्हने? झाड त्याना घरमा शे?" हे हो म्हणाले. "बरं," म्हणाल्या.

होळीच्या सुमारास वड पडला. बुंधा रस्त्यातून खणून काढायला वेळ लागणार होता म्हणून तेवढा राहिला, बाकी सगळं शेठजींच्या वखारीत गेलं. जळाऊ म्हणून. लिलावात त्यांच्यासमोर कोणी उभं राहिलं नव्हतं.

पुढचा बाजाराचा दिवस उजाडला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि निघाल्या. दुपारी शेठजींचा गडी धापा टाकत आमच्या दारात. "बाई, लवकर चला! आजी दिवाणखान्यात बसली शे!"

हे शाळेत होते. मी गेले. बघते तर पांढऱ्या गादीच्या कडेला, बरोबर पहिल्या प्रतीखाली, सासूबाई मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात टोपली, मापटं, कागदाचे चौकोन. आणि त्या एकट्या नव्हत्या. वड नाही म्हणून गोंधळलेल्या डोंगरातल्या बायांना त्यांनी वाटेत गाठून हाताला धरून आणलं होतं. गाठोडी गादीवर टेकली होती, दोन पोरं तक्क्यावर चढली होती, एक बाई लोडाला टेकून बाळाला पाजत होती. धुळीच्या पावलांची रांग दारापासून आतपर्यंत. दाराबाहेर आणखी चार बाया उभ्या होत्या, त्यांना सासूबाई हाका मारत होत्या, "या वं बैनी, आठेच या! झाड आते आठे शे!"

शेठजी मधोमध उभे. त्यांच्याकडे सुरतेचे पाहुणे आले होते, तेही एका कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसले होते. खिडकीत बाजारातली निम्मी माणसं. वकीलसाहेबांनाही बोलावणं गेलं होतं. त्यांनी कायदा सांगायला सुरुवात केली, पण सासूबाईंनी त्यांच्या हातात फुटाण्यांचा कागद दिला आणि ते सवयीने खायला लागले.

मला बघून शेठजींना हायसं वाटलं. "बाई, सांगा ना तुमनी सासूले!"

मी म्हटलं, "शेठजी, माझं त्या कुठे ऐकतात? तुम्हीच सांगून बघा."

ते सासूबाईंकडे वळले. आवाज मऊ केला. "मावशी, आठे कशी काय बठनी तू?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना शेठ, झाड तुमना घरमा शे म्हनीसन? मी पायरीवर व्हतू, आयकं मी. मंग मन्ही जागा बी आठेच शे. त्या चित्रमा दखा. झाडखाले कोन बठेल शे?"

सगळे चित्राकडे बघायला लागले. पाहुणेही. बुंध्याशी लाल लुगडं होतंच. तीन-चार वर्षं रोज समोर असून शेठजींनी ते पहिल्यांदा पाहिलं असावं.

"अवं मावशी, ते खरं झाड शे का? हाऊ तं कागद शे, कागद!" शेठजी ओरडलेच.

खिडकीतली माणसं हसायची थांबली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मापटं टोपलीत टाकलं, लुगडं झटकलं.

"हाईच आयकाले बठेल व्हतू मी," त्या म्हणाल्या. "कागद शे ना? मंग तो कागद दे माले."

इतक्या माणसांसमोर, सुरतेच्या पाहुण्यांसमोर, शेठजींना नाही म्हणता आलं नाही. गड्याने स्टुलावर चढून पहिली प्रत खाली काढली, सागवानी चौकटीसकट. चांगलीच जड होती, मी ती डोक्यावरून घरी आणली. मला वाटलं, सासूबाई ती ओसरीत लावतील. यांनी तर हातोडी आणि खिळाही काढून ठेवला, आणि बऱ्याच दिवसांनी जरा हसले. सासूबाईंनी खिळा यांच्या हातातून घेऊन परत डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला कळलं. होळीनंतरचं ऊन, नाक्यावर नुसता बुंधा. त्या बुंध्याशी सासूबाई आपल्या जुन्या जागी बसलेल्या. दोन काठ्या जमिनीत रोवून त्यांवर आणि बुंध्याच्या कडेवर त्यांनी ती चौकट आडवी टेकवली होती, चित्र खालच्या बाजूला, पाठ उन्हाकडे. शेठजींच्या सागवानाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला होता. हे शाळा सुटल्यावर तिथे गेले आणि नुसते उभे राहिले. सासूबाईंनी वर बघितलं, मग खाली. परातीएवढी सावली पडली होती. त्यात त्यांचं डोकं आणि टोपलीचा काठ मावत होता.

"आते पडनी दख, तुन्हा झाडनी सावली," त्या म्हणाल्या.

यांनी त्यानंतर छापायचं सोडून दिलं. गावात बाकीच्या एकोणतीस प्रती भिंतीवर राहिल्या, मूळ झाड गेल्यामुळे त्यांचा मान वाढला म्हणे. सासूबाई मात्र सबंध उन्हाळा त्या पहिल्या प्रतीखाली बसल्या. ऊन फिरलं की त्या काठ्या उपटायच्या, आणि चौकट दुसऱ्या बाजूला लावून घ्यायच्या.